आगीपुढे हुकूम कोणाचा?

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या घरी मामा ओवाळून घ्यायला आले होते. आईने पाट मांडला, ताटात निरांजन लावले, आणि तेवढ्यात मामांचा फोन वाजला. "वर्दी आली," एवढेच बोलून ते उठले आणि टिळा न लावताच बाहेर पडले. माझे मामा आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या अग्निशामक विभागात फायरमन आहेत. आईला या प्रकाराची सवय आहे. मला नव्हती. मी धाकट्या भावाला घेऊन त्यांच्या मागोमाग गेले.

आग बाजार समितीच्या मागे, कापसाच्या एका गोदामाला लागली होती. कोणाचा तरी बाण पत्र्याच्या फटीतून आत गेला असावा, असे लोक म्हणत होते. बंब आम्ही पोहोचण्याआधीच आला होता. मामांच्या हातात ब्रांच, म्हणजे नळीच्या टोकाची पितळी तोटी होती, आणि नळीत पाणीही होते. नव्हते ते फक्त एकच. पाणी कोठे मारायचे, हे ठरवणारा माणूस! गोदामाचा मालक म्हणत होता, "आतल्या गठाणींवर मारा." पोलीस अधिकारी म्हणत होते, "शेजारच्या दुकानांकडे बघा, माल गेला तरी चालेल." अग्निशामक विभागाचा अतिरिक्त कार्यभार ज्यांच्याकडे होता ते पाणीपुरवठ्याचे अभियंता टाकीत किती पाणी उरले आहे, याच काळजीत होते. शेजारच्या दुकानाचे शटर फोडून पलीकडून पाणी मारता आले असते. पण शटर फोडायचे कोणी? "उद्या भरपाई कोण देणार?" हा प्रश्न तिथे निदान तीन वेळा माझ्या कानावर आला. दहा मिनिटे अशीच गेली. मग गोदामाची मागची भिंत आली. मामा बाजूला उडी मारून वाचले, पण तापलेला पत्रा उजव्या हातावर पडला.

दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले असताना मी विचारले, "मामा, तुमचा अधिकारी कोण असतो?" ते हसले. "अगं पोरी, पद आहे. माणूस नाही."

राज्यशास्त्राच्या वर्गात स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय आम्ही शिकतो. त्यात आयुक्त येतात, मुख्याधिकारी येतात, महापौर येतात, अग्निशमन अधिकारी मात्र कोठेही येत नाही. सुटी संपवून परत आल्यावर मी ग्रंथालयात बसून या पदाचा शोध घेतला. आगीच्या ठिकाणी हुकूम एकाचाच चालावा, हे कायद्याने कधी ठरवले, कोणी ठरवले आणि तसे ठरवायला एवढा उशीर का लागला, याची ती हकीकत वाचकांसमोर ठेवते. सरांनी "विषय जरा कोरडा आहे" असा इशारा दिला होता. तो खरा की खोटा, हे वाचकांनीच ठरवावे.

हकीकत सुरू होते स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात. १८२४ साली तिथे नगराच्या बंबांची एकत्र व्यवस्था लावण्यात आली आणि तिच्या प्रमुखपदी जेम्स ब्रेडवुड या अवघ्या चोवीस वर्षांच्या तरुणाला नेमण्यात आले. त्याचे दल अजून नीट उभेही राहिले नव्हते, तोच नोव्हेंबर महिन्यात शहराच्या जुन्या भागाला प्रचंड आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती. आगीच्या जागी शहरातील बडी मंडळी जमली, दंडाधिकारी आले, न्यायाधीश आले. आणि जो आला तो हुकूम देऊ लागला! बिचारे जवान कोणाचे ऐकणार? आग शमल्यावर चौकशी झाली. दोष ब्रेडवुडवर आला नाही. उलट एक धडा सर्वांना पटला, तो असा की, आगीच्या जागी हुकूम दलाच्या प्रमुखाचाच चालला पाहिजे, मग शेजारी न्यायमूर्ती उभे असोत की नगरशेठ. आमच्या गावच्या बाजार समितीमागे जे घडले ते एडिंबरोत दोनशे वर्षांपूर्वी घडून गेले होते, हे वाचताना मला हसूही आले आणि वाईटही वाटले.

लंडनची तऱ्हा निराळी होती. तिथे आग विझवण्याचे काम मुख्यतः विमा कंपन्यांच्या हाती होते. १६६६ सालच्या सुप्रसिद्ध आगीनंतर अग्निविम्याचा धंदा निघाला, आणि आपण विमा उतरवलेले घर जळू नये म्हणून कंपन्यांनी स्वतःचे बंब व माणसे ठेवली. विमा असलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर त्या त्या कंपनीची धातूची पाटी ठोकलेली असे. नगरातील धर्मपरगण्यांनीही बंब व शिड्या ठेवाव्यात, असा १७७४ चा कायदा होता. पण कायदा असणे आणि बंब चालता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८३३ मध्ये दहा विमा कंपन्यांनी आपापली पथके एकत्र करून एकच दल उभे केले, तेव्हा त्यात पगारी माणसे होती ऐंशी. त्या दलाचे प्रमुखपद स्वीकारण्यासाठी एडिंबरोहून ब्रेडवुडला बोलावण्यात आले.

ब्रेडवुडने हे दल फार शिस्तीचे केले. पण एक मुद्दा विसरून चालणार नाही. हे दल कंपन्यांचे होते, सरकारचे नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ब्रेडवुड हा एक खाजगी नोकर होता. कोणाच्या घराचे दार फोडण्याचा, रस्ता बंद करण्याचा किंवा पाणी कंपनीला हुकूम देण्याचा त्याला अधिकार नव्हता. लोक त्याचे ऐकत ते त्याच्या वजनामुळे. शिवाय कंपन्यांचा हेतू माल वाचवणे हा होता. माणसे वाचवण्याचे काम एक वेगळी धर्मादाय संस्था करीत असे. तिची माणसे चाकांच्या उंच शिड्या घेऊन रात्री चौकाचौकांत उभी राहत. एकाच आगीवर माल वाचवणारे एक आणि जीव वाचवणारे दुसरे, अशी ही वाटणी होती.

२२ जून १८६१ रोजी लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी, टूली स्ट्रीटवरील कॉटन्स धक्क्याच्या वखारींना आग लागली. आत ताग होता, कापूस, साखर, चहा, मसाल्याचे पदार्थ, सोरा आणि चरबीचे पिंपच्या पिंप. वखारींच्या खोल्यांमध्ये आग पसरू नये म्हणून लोखंडी दारे बसवलेली होती, पण ती उघडीच राहिली होती. वितळलेली चरबी पेटत पेटत नदीच्या पाण्यावर वाहू लागली. संध्याकाळी ब्रेडवुड एका अरुंद जागेत आपल्या थकलेल्या माणसांना भेटायला गेला. एका जखमी जवानाच्या हाताला त्याने आपल्या गळ्यातला रुमाल सोडून बांधला, असे सांगतात. त्यानंतर थोड्याच वेळात वखारीची भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली गाडला गेला. त्याचे शव बाहेर काढायला दोन दिवस लागले. आग पुरती विझायला दोन आठवडे. हे वाचताना मला त्या भाऊबीजेची भिंत आठवली नाही, असे म्हणणे खोटे होईल.

त्या आगीत विमा कंपन्यांचे सुमारे वीस लाख पौंडांचे नुकसान झाले. कंपन्यांनी वखारींचे हप्ते एकदम वाढवले, व्यापारी ओरडू लागले, आणि अखेर कंपन्यांनी सरकारला कळवले की, एवढ्या मोठ्या शहराचे रक्षण आम्ही आमच्या खर्चाने यापुढे करू शकत नाही. म्हणजे पाहा, तीस-बत्तीस वर्षे ज्याला सार्वजनिक सेवा म्हणून सगळे गृहीत धरीत होते, ती कंपन्यांच्या मर्जीवर चालली होती! १८६२ साली पार्लमेंटने समिती नेमली. हे दल पोलिसांच्या हाती द्यावे, असे समितीचे मत पडले. सरकारने मात्र तसे न करता ते महानगराच्या बांधकाम मंडळाकडे दिले. लंडनची मोठी गटारे बांधली ती याच मंडळाने. अशा रीतीने १८६५ मध्ये महानगर अग्निदलाचा कायदा मंजूर झाला, आणि १ जानेवारी १८६६ पासून नवे दल कामाला लागले.

या कायद्यातील एक कलम मी तीन वेळा वाचले. ते बारावे कलम. आगीच्या वेळी दलाच्या मुख्य अधिकाऱ्याने किंवा तिथे जो अधिकारी हजर असेल त्याने काय करावे, हे त्यात सांगितले आहे. त्याचा आशय असा. तो आपल्या विवेकाने जीव व मालमत्ता वाचवण्यासाठी योग्य वाटेल ते करू शकेल. स्वयंसेवी पथके मदतीला आली तर तीही त्याच्या हुकमतीखाली येतील. कामात अडथळा करणाऱ्या माणसांना तो तिथून हटवू शकेल. आग थांबवण्यासाठी कोणत्याही इमारतीत दार फोडून शिरणे, ती ताब्यात घेणे, वेळ पडल्यास पाडणे, हे सारे तो करू शकेल, मात्र होईल तितके कमी नुकसान करून. एका भागात पाण्याचा दाब वाढावा म्हणून दुसऱ्या भागाचे पाणी तो बंद करवू शकेल, आणि त्या कारणाने पाणी कंपनीला कोणी दंड करणार नाही. पोलीस रस्ता बंद करतील आणि दलाला मदत करतील. येथे पोलीस मदतीला आहेत, हुकूम द्यायला नाहीत, हा फरक बारीक वाटला तरी फार मोठा आहे.

पण या कलमातले मला सर्वांत शहाणपणाचे वाटते ते शेवटचे वाक्य. आपले काम करताना दलाकडून जे नुकसान होईल ते विम्याच्या दृष्टीने आगीनेच झालेले नुकसान मानले जाईल, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दार जवानाच्या कुऱ्हाडीने फुटले काय किंवा ज्वाळेने जळले काय, हिशेब एकच. आमच्या गावी त्या रात्री "भरपाई कोण देणार?" हा जो प्रश्न लोंबकळत राहिला होता, त्याचे उत्तर लंडनच्या कायदेपंडितांनी १८६५ मध्येच देऊन ठेवले होते. ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याच्या मनातून भरपाईची भीती काढल्याशिवाय कुऱ्हाड उचलली जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता या पदाची दुसरी बाजू. आगीच्या ठिकाणचा हुकूम हा अधिकाऱ्याच्या कामाचा लहानसा भाग झाला. वर्षाचे बाकीचे दिवस तो प्रशासक असतो. माणसे निवडायची, त्यांना शिकवायचे, ठाणी कोठे हवीत ते ठरवायचे, बंब विकत घ्यायचे, पगार, रजा, गणवेश, हे सारे त्याच्याकडेच. नव्या कायद्याखाली हे काम आयर मॅसी शॉ या गृहस्थाकडे आले. हा आयर्लंडचा, पूर्वी सैन्यात कप्तान, बेलफास्ट शहरात पोलीस व बंब या दोन्हींचा प्रमुख असलेला. ब्रेडवुडच्या जागी कंपन्यांनी त्याला १८६१ सालीच आणला होता. तो खलाशांना पसंती देई, कारण त्यांना दोरावर चढण्याची, रात्री-अपरात्री उठण्याची आणि हुकूम ऐकण्याची सवय असे. ठाणी तारायंत्राने जोडून घेणे, वाफेचे बंब आणणे, अशी कामे त्याने तडीस नेली. शिड्या घेऊन उभी राहणारी ती धर्मादाय संस्थाही १८६७ मध्ये त्याच्या दलात आली, आणि माल वाचवणारे व जीव वाचवणारे ही जुनी वाटणी संपली.

मात्र तिजोरीची किल्ली शॉच्या हाती नव्हती. कायद्यानेच उत्पन्न बांधून टाकले होते. करयोग्य मूल्याच्या दर पौंडामागे अर्धा पेनी कर, सरकारकडून वर्षाला दहा हजार पौंड, आणि विमा कंपन्यांकडून उतरवलेल्या दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे पस्तीस पौंड. एवढ्यात भागवा! शहर वाढत होते, इमारती उंच होत होत्या आणि शॉ दरवर्षी अधिक माणसे मागत होता. आगीपुढे जो सर्वाधिकारी, तोच मंडळापुढे अर्जदार. १८८९ साली लंडनची निवडून आलेली कौंटी कौन्सिल आली. तिच्या सभासदांना दलाच्या कारभारात लक्ष घालायचे होते. शॉचे आणि त्यांचे पटले नाही. १८९१ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याला 'सर' हा किताब मिळाला.

या भांडणात शॉचीच बाजू बरोबर होती, असे मात्र मला वाटत नाही. आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा एका मैत्रिणीने विचारले, "पैसा लोकांचा, मग लोकांचे प्रतिनिधी हिशेब विचारणार नाहीत तर कोण विचारणार?" तिचे म्हणणे रास्त आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, हिशेब विचारण्याची जागा सभागृह आहे. पेटलेले गोदाम नव्हे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईला आगीची ओळख फार जुनी. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्याच्या आत लागलेल्या आगीत तटबंदीतील वस्तीचा मोठा भाग जळाला होता. तरी नियमित अग्निशमन व्यवस्था यायला कित्येक वर्षे लागली, आणि तीही पोलीस आयुक्तांच्या हाताखाली, घोड्यांच्या बंबांसह. गंमत पाहा, लंडनच्या समितीने सुचवलेला आणि लंडनने नाकारलेला मार्ग मुंबईने घेतला. १८८७ मध्ये हे काम नगरपालिकेकडे आले. पाठोपाठ १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला आणि आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण हे पालिकेचे कर्तव्य ठरले. लंडनच्या दलात काम केलेले निकोल्स नावाचे गृहस्थ मुंबईच्या दलाचे पहिले मुख्य अधिकारी झाले. म्हणजे ब्रेडवुड आणि शॉ यांच्या परंपरेचा एक धागा थेट भायखळ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

एवढे सगळे असूनही, एका हुकमाच्या अभावी काय होते, याचा सर्वांत भयंकर दाखला मुंबईतच घडावा, हे दुर्दैव. दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, कराचीला भरलेल्या कापसाच्या सुमारे ८७०० गठाणी, वंगणाचे तेल, लाकूड आणि सोन्याच्या विटासुद्धा! कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात, हेच मुळात वेडेपण. पण युद्धकाळात जहाजे कमी होती. १४ एप्रिलला दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर निघताना दिसला.

त्यानंतरचे दोन तास वाचताना अंगावर काटा येतो. जहाजावर त्या वेळी निरनिराळ्या खात्यांची मोठी माणसे जमली. लष्कराचा दारूगोळा अधिकारी म्हणाला, जहाज बुडवा, नाहीतर सारी गोदी उडेल. गोदीचे व्यवस्थापक म्हणाले, जहाज बाहेर समुद्रात न्या. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना वाटत होते की, पाणी मारत राहिले तर आग आटोक्यात येईल. जहाज बुडवायचे तर गोदीत पाणी पुरेसे खोल नाही, हीही अडचण होती. आणि कप्तान? जहाज त्याचे, पण इतक्या परस्परविरोधी सल्ल्यांतून तो निर्णय घेऊ शकला नाही. सल्ला देणारे अनेक, 'असेच करा' म्हणणारा एकही नाही. नळ्यांतून शेकडो टन पाणी आत पडत होते आणि जहाजाची लोखंडी बाजू लाल होत होती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा.

मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळा दिला जातो. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान एका दिवसात गेले. गोदीपासून दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या छपरातून सोन्याची वीट आत पडली. हा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो, त्या ६६ जणांची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. आपल्या महाविद्यालयात १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती, ती आपण उत्साहाने साजरी करतो. त्याच दिवशी मामांच्या ठाण्यात बंबाला हार घालून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात, हे मला या वर्षी कळले.

कूम्ब्स यांचा अंदाज चुकला, हे खरे. पण चुकणारा का होईना, एकच निर्णय झाला असता आणि त्याच्यामागे सगळे उभे राहिले असते, तर काय झाले असते? याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. मला त्या घटनेतून जाणवते ते असे की, नगराचा कायदा नगरात चालतो, गोदीला तिचा स्वतःचा कायदा, जहाजाला आणखी वेगळा आणि लष्कराला तर सगळ्यांहून वेगळा. आगीला यांतली एकही हद्द ठाऊक नसते.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने या प्रश्नाकडे लक्ष दिले. १९५८ मध्ये राज्यांपुढे अग्निदलाच्या कायद्याचा एक नमुना ठेवण्यात आला. अधिकारी घडवण्यासाठी राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघाले आणि पुढच्याच वर्षी आपल्या नागपुरात आले. महाराष्ट्रात नगरपालिकांचा जो कायदा आहे तो १९६५ चा, म्हणजे लंडनच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला. आग विझवणे हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य असल्याचे त्यातही आहे. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यातील अठरा विषयांत अग्निशमन सेवा आहे. पण विषय यादीत असणे म्हणजे माणूस खुर्चीत असणे नव्हे.

राज्याचा स्वतंत्र कायदा झाला तो २००६ चा. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम' असे त्याचे लांबलचक नाव. तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. या कायद्यात राज्यपातळीवर अग्निशमन सेवेचा संचालक आणि स्थानिक पातळीवर मुख्य अग्निशमन अधिकारी अशी पदे कायद्याच्या चौकटीत आली. या कायद्याचा रोख लंडनच्या कायद्याहून वेगळा आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १८६५ चा कायदा आग लागल्यावरच्या हुकमाविषयी जास्त बोलतो. २००६ चा कायदा आग लागण्यापूर्वीविषयी. इमारतीत आगप्रतिबंधक यंत्रणा बसवणे व ती चालू ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि ती चालू असल्याचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचे आहे. अधिकारी इमारत तपासू शकतो, नोटीस देऊ शकतो. इमारत धोकादायक असेल तर ती रिकामी करवण्याची, वीज-पाणी तोडण्याची तरतूद आहे. हा माझ्या मते ब्रांच धरण्याहून मोठा अधिकार आहे. टूली स्ट्रीटची ती लोखंडी दारे आठवा. आदल्या दिवशी एखादा तपासनीस येऊन "दारे लावा, नाहीतर वखार बंद करतो" म्हणाला असता, तर त्या आगीला एवढी मोकळी वाट मिळाली नसती.

पण हे सारे अधिकार पदाला आहेत. पद रिकामे राहिले की ते अधिकार कागदावर झोपून राहतात. आमच्या गावी हेच झाले. ज्यांच्याकडे कार्यभार होता ते अभियंता भले गृहस्थ आहेत. दुसऱ्या दिवशी ते मामांना दवाखान्यात भेटायला आले, संत्री घेऊन आले. "अहो, मला पंप कळतो, आग कळत नाही," असे ते माझ्यासमोर म्हणाले. त्यात दडवादडव नव्हती. आग कोणत्या बाजूने सरकेल, भिंत कधी येईल, कोणता पत्रा आधी काढावा, हे शिकायला वर्षे लागतात, आणि ते न शिकलेल्या माणसाला केवळ एका आदेशाच्या कागदाने ते येत नाही. मामांना ते येते. मामांना अधिकार नाही.

सरांना मी विचारले की, पद रिकामे ठेवण्यात नगरपरिषदेचा फायदा काय. ते म्हणाले, पगार वाचतो, आणि आग रोज लागत नाही. मला वाटते, त्यांनी याहून थोडक्यात कोणी सांगू शकणार नाही असे सांगितले. रस्ता खराब असला तर रोज दिसतो, नळाला पाणी नसले तर रोज मोर्चा येतो. अग्निशमन अधिकारी नसला, तर तो नसल्याचे वर्षातून एखाद्याच रात्री कळते, आणि तेव्हाही कळते ते फक्त नळी धरून उभ्या असलेल्या माणसाला.

मामांचा हात बरा झाला आहे. दोन बोटे मात्र पूर्वीसारखी वाकत नाहीत, त्यामुळे ब्रांच ते आता डाव्या हाताने धरतात. नाताळच्या सुटीत मी घरी गेले, तेव्हा त्यांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, "तू एवढं वाचलंस, तर आता एक अर्ज लिहून दे. आमच्या भाषेत नको, कायद्याच्या भाषेत." ठाण्यातल्या सहा जणांच्या वतीने मी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. अग्निशमन अधिकाऱ्याचे पद भरावे, आणि ते भरेपर्यंत आगीच्या जागी ज्येष्ठ फायरमनचा हुकूम अंतिम मानला जाईल असे लेखी द्यावे, अशा दोन मागण्या. दुसरी मागणी माझी नव्हे, मामांची. ती लिहिताना एडिंबरोचे नाव घालावे असे मला फार वाटत होते. मामा म्हणाले, "नको, ते फाईल बाजूला ठेवतील."

आईने त्या दिवशी राहिलेली भाऊबीज उरकून घेतली. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. हा लेख छापायला जाईपर्यंत तो सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आलेला नाही.